लिव्हरपूलचे चौघे

प्रस्तावना

चार-पाच तरुणांनी मिळून बँड काढावा, आपली गाणी आपणच लिहावीत, त्यांना आपणच चाली लावाव्यात आणि गिटार, ड्रम वाजवीत आपणच ती गावीत, हे दृश्य आज कोणत्याही मोठ्या शहरात पाहायला मिळते. पूर्वी असे नव्हते. आपल्या चित्रपटसंगीतात गीतकार एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा अशी कामाची वाटणी असते. पाश्चात्त्य देशांच्या लोकप्रिय संगीतातही १९६० सालापर्यंत बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. ती मोडण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या ‘बीटल्स’ या इंग्लंडमधील बँडची हकीकत या पाठात सांगितली आहे. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला या बँडच्या वाटचालीचे टप्पे सांगता येतील, भारतीय संगीताशी त्याचा संबंध कसा आला हे स्पष्ट करता येईल आणि कलावंत व त्याच्या कलाकृतीची मालकी या प्रश्नावर स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल हे बंदर वसलेले आहे. कापसाच्या व्यापारामुळे एके काळी भरभराटीला आलेल्या या शहरावर दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी बाँबचा वर्षाव केला. युद्ध संपल्यानंतरही अनेक वर्षे पडक्या घरांचे ढिगारे तसेच राहिले होते. रिचर्ड स्टार्की (जन्म १९४०), जॉन लेनन (१९४०), पॉल मॅकार्टनी (१९४२) आणि जॉर्ज हॅरिसन (१९४३) हे चौघे याच शहरात, युद्धाच्या काळात जन्मले.

जॉर्जचे वडील बस चालवीत. पॉलचे वडील कापसाच्या एका पेढीत विक्रेते होते आणि आई परिचारिका व सुईण होती. पॉल चौदा वर्षांचा असताना ती कर्करोगाने वारली. जॉन मावशीच्या घरी वाढला. त्याच्या आईचे घर जवळच होते, पण तो सतरा वर्षांचा असताना मोटारीची धडक बसून तिचा मृत्यू झाला. पॉल आणि जॉन यांच्या मैत्रीत हे न बोललेले दुःख नेहमीच होते.

या चौघांच्या शिक्षणाची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिचर्ड सहा वर्षांचा असताना आंत्रपुच्छाच्या विकाराने अत्यवस्थ झाला आणि कित्येक महिने रुग्णालयात पडून राहिला. शाळा बुडाली. आठव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते. शेजारच्या एका थोरल्या मुलीने त्याला घरी बसून वाचायला शिकवले. तेराव्या वर्षी फुप्फुसाचा आजार जडला आणि जवळजवळ दोन वर्षे तो पुन्हा रुग्णालयात होता. तेथे मुलांचे मन रमावे म्हणून वाद्ये वाजवायला देत. रिचर्डला ढोल मिळाला आणि त्याने तो सोडला नाही. ढोल नसेल तेव्हा तो खाटेशेजारच्या कपाटावर ठेका धरी. शाळेत तो परत गेलाच नाही. हाच मुलगा पुढे ‘रिंगो स्टार’ या नावाने प्रसिद्ध झाला. बोटांत अंगठ्या घालण्याच्या त्याच्या हौसेवरून हे नाव पडले.

जॉन शालान्त परीक्षेत एकाही विषयात उत्तीर्ण झाला नाही. मुख्याध्यापकांनी शिफारस केली म्हणून त्याला कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. जॉर्जने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि एका मोठ्या दुकानात वीजकामाचा उमेदवार म्हणून तो लागला. पॉल अभ्यासात त्यातल्या त्यात बरा. पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी मात्र चौघांपैकी एकालाही वाचता येत नव्हती. ते ऐकून शिकले, एकमेकांची बोटे पाहून शिकले.

१९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘स्किफल’ नावाच्या संगीताची लाट आली होती. त्यासाठी महागडी वाद्ये लागत नसत. कपडे धुण्याची खरबरीत पत्र्याची फळी तालासाठी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेले वाद्य खर्जासाठी, एवढे साहित्य आणि एखादी स्वस्त गिटार पुरे. जॉनने शाळेतल्या मित्रांना घेऊन असाच एक संच उभा केला. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन या उपनगरातील चर्चच्या जत्रेत हा संच वाजवत असताना पॉलने जॉनला प्रथम ऐकले. कार्यक्रमानंतर पॉलने गिटार हातात घेऊन एक-दोन गाणी म्हणून दाखविली. आपल्याहून अधिक जाणणाऱ्या मुलाला संचात घ्यावे की आपले पुढारीपण राखावे, असा प्रश्न जॉनपुढे उभा राहिला. त्याने पॉलला घेतले. पुढच्या वर्षी पॉलच्या ओळखीने जॉर्ज आला. संचाचे नाव अनेकदा बदलले आणि १९६० मध्ये ‘बीटल्स’ हे नाव स्थिर झाले. हा शब्द उच्चारताना ‘भुंगेरे’ असा अर्थ होतो, तर लिहिताना त्यात ‘ताल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसतो. अशी शब्दांची कोटी जॉनला फार आवडे.

बीटल्सचे यश एका रात्रीत मिळाले असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्यामागे पुष्कळ रात्री होत्या आणि त्या बऱ्याचशा जर्मनीतील हँबुर्ग या बंदरात गेल्या. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांना तेथील एका क्लबात काम मिळाले. रोज साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचे, असा करार होता. राहण्याची जागा एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागील अंधारी खोली. समोर खलाशी आणि मद्यपी श्रोते. गाणे रंगले नाही की उठून जाणारे. माहीत असलेली गाणी तासाभरात संपत, म्हणून नवी बसवावी लागत. एकच गाणे लांबवावे लागे, घसा बसला तरी गावे लागे. जॉर्ज अठरा वर्षांचाही नव्हता, हे उघडकीला येताच पोलिसांनी त्याला देशाबाहेर पाठविले. तरीही ते पुन्हा पुन्हा हँबुर्गला गेले. परतल्यावर लिव्हरपूलमधील ‘कॅव्हर्न’ या तळघरातल्या क्लबात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते वाजवू लागले, तेव्हा श्रोत्यांना फरक तत्काळ जाणवला.

या तळघरात ९ नोव्हेंबर १९६१ रोजी ब्रायन एपस्टाइन नावाचा तरुण व्यापारी त्यांना ऐकायला आला. त्याच्या कुटुंबाच्या दुकानात ध्वनिमुद्रिका विकल्या जात. त्याने बँडचे व्यवस्थापन हाती घेतले, मुलांना चामड्याची जाकिटे उतरवून सूट घालायला लावले आणि लंडनच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवले. ‘डेक्का’ या कंपनीने १ जानेवारी १९६२ रोजी त्यांची चाचणी घेऊन नकार दिला. अखेर ‘ई.एम.आय.’च्या पार्लोफोन विभागातील निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना संधी दिली. मार्टिन हे संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले गृहस्थ होते; या अशिक्षित कानांना जे सुचे, ते कागदावर आणि ध्वनिफितीवर कसे उतरवावे हे त्यांना ठाऊक होते. बँडचा त्या वेळचा ड्रमवादक पीट बेस्ट मात्र त्यांना पसंत पडला नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये बेस्टला काढून रिंगोला घेण्यात आले. दोन वर्षे बरोबर राबलेल्या मित्राला हे सांगण्याचे काम तिघांनी स्वतः केले नाही, एपस्टाइनवर सोपविले. त्यांच्या चाहत्यांनाही हे वागणे कधी समर्थनीय वाटलेले नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) रिंगोला वाचायला कोणी शिकवले?
(आ) स्किफल संगीतासाठी कोणती साधने वापरली जात?
(इ) हँबुर्गमधील कामाचा बँडला कोणता लाभ झाला?

यानंतरच्या यशाचा वेग थक्क करणारा आहे. पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली आणि ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत सतराव्या स्थानापर्यंत पोहोचली. ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात त्यांनी दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. हँबुर्गच्या रात्रींनी दिलेला दम येथे उपयोगी पडला. त्या गाण्यांची तबकडी सलग तीस आठवडे यादीत पहिली राहिली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतील दूरदर्शनवर त्यांचा कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या यादीतील पहिली पाचही गाणी त्यांची होती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंतही ही लाट आली. १९६५ च्या ‘जानवर’ या हिंदी चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी बीटल्सच्या एका गाण्याच्या चालीवर बेतलेले गाणे आहे.

याच काळातील एक घटना आवर्जून सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगवेगळे बसविण्याची प्रथा होती. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे कार्यक्रम होता. प्रेक्षकांत असा भेद केला जाणार असेल तर वाजवणार नाही, असे बीटल्सनी आधीच जाहीर केले. सर्व जण एकत्र बसले आणि मगच कार्यक्रम झाला. ज्या संगीतावर हे चौघे वाढले, ते बऱ्याच अंशी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत होते. ते ऋण त्यांनी या रीतीने मानले.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोते जमले. त्या काळचे ध्वनिवर्धक एवढ्या मैदानाला अपुरे होते आणि श्रोत्यांच्या किंकाळ्या अखंड चालू होत्या. आपण काय वाजवतो आहोत हे वादकांनाच ऐकू येत नसे. रिंगो पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणे कोठवर आले याचा अंदाज घेई. जे चौघे एकमेकांना ऐकून शिकले होते, त्यांचे ऐकणेच संपले. पुढच्या वर्षी फिलिपीन्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या स्वागतसमारंभाला न गेल्यामुळे विमानतळावर त्यांना धक्काबुक्की सोसावी लागली. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना जाहीर कार्यक्रम थांबवणे म्हणजे हातचे उत्पन्न सोडणे होय. त्यांनी ते सोडले आणि स्टुडिओत जाऊन बसले.

तेथे त्यांनी जे केले त्यामुळेच त्यांचे नाव संगीताच्या इतिहासात टिकून आहे. ध्वनिफिती उलट फिरवणे, वेग कमी-अधिक करणे, फितीचे तुकडे जोडून त्यांचे वेटोळे सतत वाजवणे, असे प्रयोग त्यांनी मार्टिन आणि तरुण ध्वनितंत्रज्ञ यांच्या साहाय्याने केले. पहिल्या तबकडीची दहा गाणी एका दिवसात झाली होती. जून १९६७ मध्ये आलेल्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीला सुमारे पाच महिने लागले, आणि तेही एका वेळी चारच ध्वनिमार्ग असलेल्या यंत्रावर.

भारतीय संगीताशी त्यांचा संबंध याच काळात दृढ झाला. १९६५ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात भारतीय उपाहारगृहाचा देखावा होता. तेथे जॉर्जने सतार प्रथम हातात घेतली. त्याच वर्षी एका गाण्यात त्याने ती वाजविली. शिक्षण नसताना वाजविली, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. पण त्याला ते स्वतःलाही कळले, ही त्याची थोरवी. जुलै १९६६ मध्ये मनिलाहून परतताना बीटल्स दिल्लीत उतरले, तेव्हा कॅनॉट प्लेसमधील रिखीराम यांच्या दुकानातून त्याने चांगली सतार घेतली. त्याआधी लंडनमध्ये पंडित रविशंकरांची भेट झाली होती. सप्टेंबरमध्ये तो मुंबईला येऊन त्यांच्याकडे शिकू लागला. जमिनीवर बसण्यापासून सुरुवात करावी लागली. जगप्रसिद्ध वादकाने तेविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हावे, हे सोपे नसते.

१९६६ च्या एका गाण्यात लंडनमधील तबलावादक अनिल भागवत यांनी साथ केली आणि त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’मधील एका गाण्यात दिलरुबा, तबला, तंबोरा वाजविणाऱ्या भारतीय कलावंतांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत, त्यांपैकी काहींची नावे अभ्यासकांनी कित्येक दशकांनंतर शोधून काढली. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्जने मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत एका चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केले. संतूरवादक शिवकुमार शर्मा, सरोदवादक आशिष खाँ असे कलावंत त्यात होते. त्याच सत्रात बीटल्सच्या एका गाण्याची साथही मुद्रित झाली. केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचविलेल्या प्राचीन चिनी वचनांवर ते गाणे आधारलेले होते. पुढच्याच महिन्यात चौघे महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले. त्या मुक्कामाची वर्णने वृत्तपत्रांनी मनसोक्त केली आणि तेथे त्यांना पुष्कळ गाणी सुचली हेही खरे. परंतु संगीताच्या दृष्टीने पाहिले तर मुंबईच्या स्टुडिओतील ते थोडे दिवस अधिक मोलाचे होते.

पाठगत प्रश्न २

(अ) बीटल्सनी जाहीर कार्यक्रम का बंद केले?
(आ) ‘त्याला ते स्वतःलाही कळले, ही त्याची थोरवी’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

२७ ऑगस्ट १९६७ रोजी ब्रायन एपस्टाइनचा बत्तिसाव्या वर्षी मृत्यू झाला. व्यवहाराची सारी सूत्रे त्याच्या हाती होती. चौघांनी १९६८ मध्ये ‘ॲपल’ ही स्वतःची कंपनी काढली. उत्साह पुष्कळ, हिशेब कमी. कंपनीचे कपड्यांचे दुकान आठ महिन्यांत बंद पडले आणि उरलेला माल लोकांना फुकट वाटण्यात आला.

त्याहून मोठी हानी निराळीच होती. गाण्यावर दोन प्रकारचे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क एक. शब्द आणि चाल यांचा हक्क दुसरा. हा दुसरा हक्क ज्याच्याकडे असतो, त्याला ते गाणे कोणीही गायले तरी मोबदला मिळतो. १९६३ मध्ये जॉन आणि पॉल यांच्या गाण्यांसाठी ‘नॉर्दर्न साँग्ज’ नावाची प्रकाशन कंपनी स्थापन झाली. तिचा सुमारे निम्मा वाटा प्रकाशक डिक जेम्स यांच्या बाजूकडे गेला. गाण्यासारखी हवेतली वस्तू कोणाच्या मालकीची असू शकते, याची आपल्याला तेव्हा कल्पनाच नव्हती, असे पॉलने पुढे अनेकदा सांगितले आहे. १९६५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९६९ मध्ये जेम्स यांनी आपले शेअर ‘ए.टी.व्ही.’ या कंपनीला विकले. जॉन आणि पॉल यांनी कंपनी आपल्या हाती राखण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. स्वतःची गाणी गाताना त्यांचे हक्क दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाली. १९८५ मध्ये हे हक्क अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन यांनी ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतले. गाण्यांचे हक्क विकत घेण्यात पैसा आहे, ही माहिती त्यांना काही वर्षांपूर्वी खुद्द पॉलनेच दिली होती! पुढे ते ‘सोनी’ कंपनीकडे गेले. अमेरिकेच्या कायद्यात जुन्या गाण्यांचे हक्क छप्पन्न वर्षांनी परत मागण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे पॉलने २०१७ मध्ये दावा केला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि तिच्या अटी गुप्त राहिल्या.

१९६९ मध्ये नवा व्यवस्थापक कोण, यावरून वाद पेटला. जॉन, जॉर्ज आणि रिंगो यांना अमेरिकन व्यवस्थापक ॲलन क्लाइन हवा होता. पॉलला आपले वकील सासरे हवे होते. पैशाबरोबर इतरही कारणे होती. जॉर्जची गाणी उत्तम होऊ लागली होती, पण तबकडीवर त्याच्या वाट्याला एक-दोनच जागा येत. जानेवारीत तो काही दिवस निघूनही गेला. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील कचेरीच्या गच्चीवर कडाक्याच्या थंडीत चौघांनी सुमारे ४२ मिनिटे वादन केले. रस्त्यावर गर्दी जमली, पोलीस वर आले. लोकांसमोर एकत्र वाजविण्याची ती शेवटची वेळ. एप्रिल १९७० मध्ये फूट जगजाहीर झाली. भागीदारी मोडण्यासाठी पॉलला डिसेंबरअखेर आपल्या तीन मित्रांवरच लंडनच्या न्यायालयात दावा लावावा लागला. ती कायद्याने संपुष्टात यायला १९७५ साल उजाडले.

१ ऑगस्ट १९७१ रोजी, बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी रविशंकरांच्या विनंतीवरून जॉर्जने न्यूयॉर्कमध्ये मोठा कार्यक्रम घडवून आणला. रिंगो त्यात वाजवायला आला. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये घराच्या दारातच जॉनची हत्या झाली. जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने निवर्तला.

जॉनने १९७०-८० च्या दशकात घरी पियानोवर म्हटलेल्या एका अपुऱ्या गाण्याची कॅसेट त्याच्या पत्नीने इतरांना दिली होती. १९९५ मध्ये तिघांनी त्यावर काम सुरू केले. पण कॅसेटमधील घरघर आणि पियानो यांतून आवाज वेगळा काढता येईना; गाणे बाजूला ठेवले गेले. पुढे संगणकाच्या नव्या तंत्राने तो आवाज स्वच्छ सोडवता आला. त्याला पॉल आणि रिंगो यांनी साथ केली, जॉर्जने १९९५ मध्ये वाजवून ठेवलेली गिटार जोडली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाणे प्रकाशित झाले. ब्रिटनच्या यादीत ते पहिले आले. तेव्हा रिंगो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

शब्दार्थ

आंत्रपुच्छ – अपेंडिक्स. उमेदवार – काम शिकण्यासाठी ठेवलेला मुलगा. स्वरलिपी – स्वर लिहून ठेवण्याची पद्धत. खर्ज – खालच्या पट्टीतील स्वर. तबकडी – रेकॉर्ड. वेष्टन – तबकडीचे छापील आवरण. उंबरठे झिजवणे – कामासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालणे. तडजोड – दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा.

स्वाध्याय

१. जॅक्सनव्हिल येथील घटना तुमच्या शब्दांत सांगा.
२. गाण्यावरील दोन प्रकारचे हक्क कोणते? करारावर सही करण्यापूर्वी जॉन आणि पॉल यांनी कोणते प्रश्न विचारायला हवे होते असे तुम्हांला वाटते?
३. पीट बेस्टला काढण्याचा निर्णय आणि तो कळविण्याची पद्धत, या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करून आठ ते दहा ओळी लिहा.
४. ‘घसा बसणे’, ‘सूत्रे हाती असणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरातील एखादे भजनी मंडळ, बँडपथक किंवा ढोल-ताशा पथक यांतील वादकाला भेटा. तो वाद्य कोणाकडून आणि कसे शिकला, हे विचारून त्याची माहिती एका परिच्छेदात लिहा.